लायसन्स नाही, पण ब्रोकरच्या हाताखाली आहे: अमेरिकेतल्या रिअल इस्टेटमध्ये काय चालतं आणि काय नाही

अमेरिकेत रिअल इस्टेटच्या ऑफिसात लायसन्स नसलेल्या माणसालाही काम मिळतं आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. मराठी घरांतून तिकडे गेलेली बरीच माणसं या धंद्यात अशीच शिरतात. ओळखीचा एखादा एजंट म्हणतो, "ताई, आधी ऑफिसात मदतीला या, लायसन्सचं नंतर बघू." यात वावगं काही नाही. काम जवळून पाहिल्याशिवाय परीक्षेवर पैसे आणि वेळ घालायला कुणाचं मन धजावत नाही, हेही खरं.

घोटाळा होतो तो एका समजुतीमुळे. "वर लायसन्स असलेला ब्रोकर आहे, त्याच्या देखरेखीखाली आपण काहीही केलं तरी जबाबदारी त्याची," असं अनेकांना मनापासून वाटतं. तसं नाही. बिनलायसन्सच्या माणसाला जी कामं करायची मुभा आहे, त्याच कामांवर ब्रोकरची देखरेख असते. ज्या कामाला लायसन्स लागतं, ते काम ब्रोकर शेजारी उभा असला तरी लायसन्सशिवाय करता येत नाही. एवढी एकच गोष्ट नीट कळली तरी पुढचे बहुतेक प्रश्न सुटतात.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या हातात आहे. फ्लोरिडात सेल्स असोसिएटच्या, म्हणजे ब्रोकरच्या हाताखाली काम करणाऱ्या एजंटच्या, लायसन्ससाठी ६३ तासांचा अभ्यासक्रम आहे, न्यूयॉर्कमध्ये ७७ तासांचा, टेक्ससमध्ये १८० तासांचा. असिस्टंटला काय करू द्यायचं, याचे नियमही राज्यागणिक बदलतात. इथे मी कॅलिफोर्निया धरून चाललो आहे, कारण तिथल्या खात्याने, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ रिअल इस्टेटने, बिनलायसन्स असिस्टंटसाठी १९९३ मध्ये एकेका कामाचं नाव घेऊन मार्गदर्शक सूचना काढल्या. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या खात्याची यादी बघा. ती इथल्यापेक्षा कडक असू शकते.

आणखी एक. लायसन्स आणि नोकरी करण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या माणसाला नोकरीची परवानगी नसेल, तर ऑफिसात फाइली लावण्याचं साधं पगारी कामही त्याला करता येत नाही. रिअल इस्टेटचं लायसन्स हातात आलं म्हणून ती परवानगी मिळत नाही.

कोण कुणाच्या हाताखाली

कॅलिफोर्नियात लायसन्स दोन प्रकारचं असतं. ब्रोकरला स्वतःच्या नावावर धंदा करता येतो. सेल्सपर्सन, ज्याला आपण सगळे सरसकट एजंट म्हणतो, त्याला स्वतंत्र धंदा करता येत नाही. त्याचं लायसन्स कुठल्या तरी ब्रोकरकडे लावलेलं असावं लागतं आणि कमिशनही त्याच ब्रोकरच्या हातून घ्यावं लागतं. गिऱ्हाइकाने खूश होऊन परस्पर चेक दिला, तरी तो ठेवता येत नाही.

म्हणजे देखरेख फक्त नवख्यांवर नाही, लायसन्स असलेल्या सेल्सपर्सनवरही आहे. सेल्सपर्सन व्हायला वय १८ पूर्ण हवं, एकूण १३५ तासांचे तीन अभ्यासक्रम पुरे करावे लागतात आणि १५० प्रश्नांच्या परीक्षेत ७० टक्के मिळवावे लागतात. ब्रोकर होण्यासाठी आठ अभ्यासक्रम आणि साधारणपणे दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. या दोघांच्या खाली, कुठलंही लायसन्स नसलेला असिस्टंट असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

लायसन्स नेमकं कशाला लागतं

कायद्याने तीन गोष्टी एकत्र पाहिल्या आहेत. काम दुसऱ्या कुणासाठी केलेलं असावं, त्यात मोबदला किंवा मोबदल्याची अपेक्षा असावी, आणि ते ठराविक प्रकारचं काम असावं. घर विकणं किंवा विकत घेणं, गिऱ्हाईक गटवणं, लिस्टिंग मिळवणं (मालकाचं घर विकायला घेणं), किमतीची बोलणी करणं, घर भाड्याने देणं, भाडं गोळा करणं, ही ती कामं. तिन्ही गोष्टी जुळल्या की लायसन्स लागतं. मोबदला कोणत्या रूपात आणि कधी मिळाला, याने फरक पडत नाही.

स्वतःचं घर विकायला लायसन्स लागत नाही, कारण ते दुसऱ्यासाठी नाही. पण या यादीतल्या शेवटच्या दोन कामांत आपली माणसं अगदी नकळत अडकतात. मित्राची दुसऱ्या राज्यात बदली झाली, त्याचं घर इथे रिकामं आहे. तुम्ही जाहिरात दिलीत, भाडेकरू आणलात, दरमहा भाडं घेऊन त्याला पाठवू लागलात आणि तो तुम्हाला त्रासाबद्दल दरमहा काही रक्कम देऊ लागला. दोघांच्याही दृष्टीने ही मैत्रीखातर केलेली मदत असते. कायद्याच्या दृष्टीने तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. तुम्ही एक पैसाही घेतला नसता, तर गोष्ट वेगळी होती.

याच कायद्यात ऑफिसातल्या कारकुनी कामाला सूट आहे. स्टेनोग्राफर, हिशेब ठेवणारा, रिसेप्शनिस्ट, टेलिफोन ऑपरेटर आणि तत्सम कर्मचारी आपापलं काम करत असतील तर त्यांना लायसन्स लागत नाही. असिस्टंटची सगळी नोकरी या सुटीच्या आधारावर उभी आहे. म्हणूनच "हे काम कारकुनी आहे का?" हा प्रश्न सतत स्वतःला विचारावा लागतो.

ओपन हाउसमधले दोन तास

ओपन हाउस म्हणजे विकायचं घर ठरलेल्या वेळी कुणालाही येऊन पाहायला खुलं ठेवणं. हा फरक तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे जरा थांबू. रविवारची दुपार आहे. एजंटने तुम्हाला दारात बसवलं आहे. समोर टेबलावर येणाऱ्यांनी नाव-नंबर लिहायची वही आणि छापील पत्रकांचा गठ्ठा. पत्रकावर खोल्या किती, क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या सालचं आणि मागितलेली किंमत. मालकाची संमती असेल तर बाहेर पाट्या लावणं, येणाऱ्यांचं स्वागत करणं, पत्रक देणं, पत्रकावरची माहिती वाचून सांगणं हे सगळं तुम्ही करू शकता. पत्रक मात्र ब्रोकरने तयार केलेलं किंवा तपासलेलं हवं.

एक जोडपं आत येतं. "क्षेत्रफळ किती?" पत्रकावर आहे, सांगा.

"वरच्या खोल्या दाखवता का? किचन नवीन केलंय ना?" इथे थांबायचं. घर फिरवून दाखवणं आणि त्याचे गुण सांगणं हे लायसन्सचं काम आहे. कॅलिफोर्नियाच्या सूचनांत हे स्पष्ट म्हटलं आहे.

"इथल्या शाळा कशा आहेत?" यावरही गप्प राहायचं. परिसर आणि शाळा यांबद्दल बिनलायसन्स असिस्टंटने बोलू नये, असं त्या सूचना नाव घेऊन सांगतात.

"मालक किमतीत थोडं खाली येतील का?" हा प्रश्न सगळ्यात धोक्याचा, कारण तो सहज विचारला जातो आणि उत्तरही सहज निघून जातं. "हो, त्यांना जरा घाई आहे," एवढं वाक्य पुरेसं असतं. ज्या एजंटने मालकाचं घर विकायला घेतलं आहे, त्याच्यावर मालकाच्या हिताची राखण करण्याची कायदेशीर जबाबदारी असते. तुम्ही त्याच्या वतीने दारात बसला आहात आणि मालकाची अडचण तुम्ही समोरच्या पार्टीला सांगून टाकली. उद्या ऑफर हजारो डॉलरने कमी येईल आणि ती का कमी आली हे मालकाला कधी कळणारही नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला ते दिसतसुद्धा नाही, म्हणून लायसन्सची ही अडवणूक मला योग्य वाटते.

मग म्हणायचं काय? "याचं उत्तर आमचे एजंट देतील. आज संध्याकाळी त्यांना तुम्हाला फोन करायला सांगू का?" एजंटशी भेट ठरवून देणं असिस्टंटला चालतं. उत्तर टाळल्यासारखं वाटत नाही, गिऱ्हाईकही हातचं जात नाही. पहिल्या आठवड्यात हे वाक्य तोंडात बसवून घ्यावं.

फोन, कागद आणि चेक

फोनवर हीच शिस्त लागते. असिस्टंट अनोळखी लोकांना फोन करून "घर विकायचा विचार आहे का? आमच्या ब्रोकरशी बोलायला आवडेल का?" असं विचारू शकतो आणि भेट ठरवू शकतो. समोरच्याला पटवायला लागला, "आत्ताच विका, भाव पडणार आहेत" असं म्हणू लागला, की तो लायसन्सच्या हद्दीत गेला.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण भारतात बसून अमेरिकेतल्या एजंटांसाठी व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून काम करणारी मराठी मुलं-मुली आता कमी नाहीत. त्यांना स्क्रिप्ट दिली जाते आणि संध्याकाळपासून फोन सुरू होतात. तुम्ही कुठे बसला आहात यापेक्षा घर आणि गिऱ्हाईक कुठल्या राज्यात आहे, याला जास्त महत्त्व आहे. स्क्रिप्टमध्ये किंमत, बोलणी किंवा सल्ला असेल तर ती स्क्रिप्टच चुकीची आहे, आणि ते वाक्य तुमच्या तोंडून जाणार आहे. शिवाय अमेरिकेत २००३ पासून नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री आहे. तिथे नोंदवलेल्या नंबरवर विक्रीसाठी फोन करायला बंदी आहे. फोन नंबरांची यादी त्या नोंदवहीशी ताडून घेतली आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कागदपत्रांबाबत सूचना बऱ्याच उदार आहेत. ब्रोकरच्या सांगण्यावरून फॉर्म भरणं, ते पोचवणं, सह्या घेणं, कुठला कागद यायचा राहिला आहे ते बघणं, जाहिरातीचा मजकूर तयार करणं असिस्टंटला चालतं. जाहिरात मात्र छापण्याआधी ब्रोकरने तपासून मंजूर केलेली हवी. आसपासच्या विकल्या गेलेल्या घरांची तुलना करून भावाचा अंदाज तयार करून देणंही चालतं. फक्त तो लायसन्सधारकाच्या वापरासाठी असावा आणि त्याने तो मंजूर करावा. तुम्ही तो परस्पर गिऱ्हाइकासमोर ठेवून "तुमच्या घराचा भाव इतका" म्हणायचं नाही.

सही घेताना खरी कसोटी लागते. गिऱ्हाईक बोट ठेवून विचारतं, "या कलमाचा अर्थ काय? सही करू ना?" तुम्हाला अर्थ माहीत असला तरी सांगायचा नाही. मजकुरावर, त्याच्या महत्त्वावर चर्चा करायला तुम्हाला मुभा नाही. पेन खाली ठेवा, एजंटला फोन लावा, त्याच्याशी बोलणं होऊ द्या, मग सही घ्या. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या.

डिपॉझिटचा चेक असिस्टंट घेऊ शकतो, पावती देऊ शकतो, नोंद करू शकतो. हा दुसऱ्याचा पैसा असतो आणि तो ठराविक जागीच जावा लागतो. ब्रोकरकडे पैसे आल्यापासून सामान्यतः तीन कामकाजाच्या दिवसांत ते मालकाकडे, एस्क्रोमध्ये (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या पक्षाकडे) किंवा ट्रस्ट खात्यात (गिऱ्हाइकांच्या पैशांसाठी ठेवलेल्या ब्रोकरच्या वेगळ्या खात्यात) पोचले पाहिजेत. त्यामुळे चेक ड्रॉवरमध्ये राहून गेला ही किरकोळ चूक समजली जात नाही. ट्रस्ट खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार बिनलायसन्स कर्मचाऱ्याला द्यायचा असेल, तर ब्रोकरने तसं लेखी द्यावं लागतं आणि त्या कर्मचाऱ्याच्या हाती येणाऱ्या रकमेइतका फिडेलिटी बाँड, म्हणजे कर्मचाऱ्याने अफरातफर केल्यास भरपाई देणारा विमा, घ्यावा लागतो. "तू सही करत जा" असं तोंडी सांगितलेलं चालत नाही.

भाड्याच्या घरांसाठी जास्त मोकळीक

अपार्टमेंटच्या इमारती सांभाळणाऱ्या कंपन्यांत बिनलायसन्स माणसाला सर्वात जास्त वाव आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे. इमारतीतच राहणाऱ्या मॅनेजरला आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना लायसन्स लागत नाही. प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीचा कर्मचारीही ब्रोकरच्या किंवा पुरेसा अनुभव असलेल्या सेल्सपर्सनच्या देखरेखीखाली भाड्याच्या जागा दाखवू शकतो, छापील अर्ज देऊ-घेऊ शकतो, अनामत आणि भाडं स्वीकारू शकतो, सही झालेले करार ताब्यात घेऊ शकतो. भाड्याचे दर आणि अटीही सांगू शकतो, पण कंपनीने ठरवून दिलेल्या तक्त्यात असतील तेवढ्याच. तक्त्याबाहेर जाऊन "तुमच्यासाठी थोडं कमी करतो" हे त्याच्या अधिकारात नाही.

विक्रीच्या बाजूला जी दाखवादाखवी बंद आहे, ती इथे खुली आहे. ज्यांना लायसन्स घेण्याआधी माणसांशी बोलण्याचा, जागा दाखवण्याचा सराव हवा आहे, त्यांनी इथून सुरुवात करावी असं मी सुचवेन. मात्र आधी सांगितलेलं मित्राचं घर या सुटीत बसत नाही, कारण ही सूट रहिवासी मॅनेजरसाठी आणि अशा कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे.

पगार कसा घ्यावा

लायसन्स लागणाऱ्या कामाबद्दल बिनलायसन्स माणसाला पैसे देणं हा ब्रोकरचाही गुन्हा ठरतो. त्यामुळे तासाच्या दराने किंवा महिन्याला ठरलेला पगार घेणं निर्धोक. "प्रत्येक क्लोजिंगमागे (पुऱ्या झालेल्या सौद्यामागे) इतके डॉलर" अशी बोली झाली की दोन गोष्टी होतात. खात्याला प्रश्न पडतो की या माणसाचा सौद्यात हात किती होता. आणि तुमच्याही मनात सौदा व्हावा ही ओढ लागते, मग दारात बसून "घाई आहे त्यांना" हे वाक्य आपसूक निघतं. ऑफर आकर्षक वाटली तरी नाही म्हणा.

गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांचंही असंच. घरकर्ज असलेल्या बहुतेक व्यवहारांत रेस्पा हा १९७४ चा फेडरल कायदा लागतो. टायटल कंपनी (घराची मालकी तपासणारी), कर्ज देणारी संस्था अशांकडे गिऱ्हाईक वळवल्याबद्दल पैसे घेणं-देणं त्याने निषिद्ध केलं आहे. लायसन्सधारकांनाही ते चुकलेलं नाही.

शाळेचा प्रश्न पुन्हा

शाळा आणि परिसर यांबद्दल जपून राहायला आणखी एक कारण आहे आणि त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत वंश पाहून घर नाकारणं, विशिष्ट लोकांना विशिष्ट वस्त्यांकडेच वळवणं हे वर्षानुवर्षं उघडपणे चालायचं. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने ते बेकायदा ठरवलं. आज वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा घरात मुलं असणं यांवरून भेदभाव करता येत नाही. "इथे आपली बरीच माणसं आहेत, तुम्हाला बरं वाटेल" हे आपण किती आपुलकीने म्हणतो! रिअल इस्टेटच्या कामावर असताना हेच वाक्य गिऱ्हाइकाला मूळ देशावरून एका वस्तीकडे वळवणं ठरू शकतं. हा कायदा असिस्टंटलाही तितकाच लागू आहे.

"जबाबदारी साहेबांची" या समजुतीलाही याच कायद्याखालच्या एका खटल्यात धक्का बसलेला आहे. कॅलिफोर्नियातून गेलेल्या मायर विरुद्ध हॉली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की कर्मचाऱ्याने कामावर असताना केलेल्या भेदभावाची जबाबदारी कंपनीवर येते, पण केवळ मालक किंवा अधिकारी आहे म्हणून ती एखाद्यावर वैयक्तिकरीत्या आपोआप येत नाही. ज्याने प्रत्यक्ष कृत्य केलं, त्याची सुटका मात्र कुठेच होत नाही.

रेघ ओलांडली तर

कॅलिफोर्नियात लायसन्सशिवाय लायसन्सचं काम करणाऱ्याला २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत काउंटी जेल, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनी असेल तर दंड ६०,००० डॉलरपर्यंत जातो. फ्लोरिडात हा थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा आहे. केलेल्या कामाचे पैसे बुडाले तर कोर्टातही जाता येत नाही, कारण काम करताना लायसन्स होतं हे सिद्ध केल्याशिवाय कॅलिफोर्नियात मोबदल्याचा दावाच चालत नाही. उद्या स्वतःच्या लायसन्ससाठी अर्ज कराल तेव्हा हे जुनं प्रकरण आडवं येऊ शकतं, हे सगळ्यात वाईट. ब्रोकरवरही लायसन्स गमावण्याची पाळी येते.

त्याच्या बाजूने ब्रोकरने काय करायचं, तेही नियमात आहे. व्यवहारांचे कागद तपासणं, ट्रस्टचे पैसे, जाहिराती, भेदभावविरोधी कायद्यांची माहिती या सगळ्यासाठी त्याने धोरणं आणि कार्यपद्धती ठरवायच्या आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघायचं. ऑफिसात नाव पाटीवर आणि माणूस महिन्यातून एकदा, याला देखरेख म्हणत नाहीत.

म्हणून रुजू होण्यापूर्वी ब्रोकरचं नाव खात्याच्या वेबसाइटवर टाकून लायसन्स चालू आहे का आणि त्याच्यावर काही कारवाई झाली आहे का, ते बघून घ्या. ही माहिती सगळ्यांना खुली आहे. आपण काय करायचं आणि काय नाही, याची लेखी यादी मागा. व्यवस्थित चालणाऱ्या ऑफिसात ती आधीच तयार असते. यादी मागितल्यावर कुणी "एवढं काय त्यात, मी आहे ना" म्हणालं, तर दुसरं ऑफिस शोधा.